डॉक्टर आराम करा म्हणत होते, पण बॅरिस्टर नाथ पै बेळगावच्या सभेला उभे राहिलेच...

मालवणला गेलात तर बॅ. नाथ पै सेवांगण ही पाटी दिसते. कणकवलीच्या नाथ पै एकांकिका स्पर्धेमुळे तर कॉलेजच्या पोरांनाही हे नाव पाठ असतं. पण हा माणूस गेला तेव्हा त्याचं वय काय होतं, असं विचारलं तर बरेच जण गडबडतात.

फक्त ४८ वर्षं.

हृदयविकार जडलेला होता, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं होतं आणि तरीही ते काम करत राहिले. आज आपण तापात लॅपटॉप उघडून बसतो, छातीत दुखलं तर ॲसिडिटी म्हणून सोडून देतो. म्हणूनच नाथ पैंची ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

वेंगुर्ल्याचा मुलगा थेट लोकसभेत

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, वेंगुर्ला रत्नागिरीत होतं. वडील लवकर गेले. १९४२ च्या चलेजाव आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. तिथेच समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत वावरले आणि तिचे अध्यक्षही झाले.

मनात आणलं असतं तर परदेशात आरामात राहता आलं असतं. पण ते कोकणात परतले आणि १९५७ ला प्रजा समाजवादी पक्षाकडून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९६२ आणि १९६७ लाही लोकांनी त्यांनाच निवडून दिलं.

आता तेव्हाचा हा मतदारसंघ डोळ्यांसमोर आणा. रेल्वे नाही. कोकण रेल्वेची मागणी नाथ पै संसदेत मांडत होते, पण ती पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. मुंबईहून यायचं तर घाटातून एसटी, नाहीतर आगबोट. पावसाळ्यात आगबोटही बंद. वाटेत खाड्या, अनेक ठिकाणी पूल नाहीत, मग तरीतून पलीकडे. दिल्लीत अधिवेशन आणि इथे वाडीवाडीत सभा. धडधाकट माणूसही थकेल, असं हे वेळापत्रक.

दिल्लीतलं कामही साधं नव्हतं. १९६७ ला गोलकनाथ खटल्याचा निकाल आला. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. संसदेचा हा अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. ते नाथ पै विधेयक म्हणूनच ओळखलं जातं.

१७ जानेवारी १९७१

मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये झाली आणि सीमाभाग पेटला. बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासून १७ जानेवारीला तिथे हुतात्मा दिन पाळतात.

१९७१ च्या हुतात्मा दिनाला नाथ पै बेळगावात होते. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली होती, निवडणूक तोंडावर होती. तब्येत साथ देत नव्हती आणि भाषण करू नका असा वैद्यकीय सल्ला होता. तरी ते बोलले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारीला, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं बेळगावातच निधन झालं.

त्या भाषणामुळेच झटका आला, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण आजारी हृदयावर ताण आला की काय होतं, हे मात्र सांगता येतं.

मग हालचाल चांगली की वाईट?

इथेच आपला गोंधळ होतो. हिंडतंफिरतं राहिलं की दुखणं पळतं, असं घरोघरी म्हणतात. त्यात तथ्य आहे.

१९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवरचा एक अभ्यास छापून आला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. त्या काळात हार्ट ॲटॅक आला की पेशंटला कित्येक आठवडे खाटेवरून हलू द्यायचे नाहीत. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी पेशंटला लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, १९५२ मध्ये तो अनुभव छापून आला आणि हळूहळू हा समज बदलला. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. सात आठवडे हॉस्पिटल, मग टप्प्याटप्प्याने हालचाल आणि काम. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले.

म्हणजे हालचाल औषधासारखी आहे. पण औषधाला मात्रा असते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वेगाने चालणं वेगळं आणि खडबडीत रस्त्यावरचा प्रवास, अपुरी झोप, अवेळी जेवण आणि हजारोंसमोरचं आवेशाचं भाषण वेगळं. पहिल्यात हृदयाला सवय होते. दुसऱ्यात रक्तदाब आणि ठोके वाढतात, हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तो पुरवू शकत नाहीत.

त्यात नाथ पैंच्या काळात आजचे उपाय हाताशी नव्हते. बायपास नुकतीच सुरू झाली होती आणि पहिली अँजिओप्लास्टी व्हायला १९७७ उजाडलं. विश्रांती हाच मोठा उपचार होता आणि नेमकी तीच त्यांना मिळाली नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

दुखणं अंगावर काढणं ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट असते. भातलावणीच्या दिवसांत ताप असला तरी लोक चिखलात उतरतात. पण सिंधुदुर्गात लेप्टोचा धोका आहे आणि त्यात उशीर जिवावर बेततो. तापात व्यायामही नको, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर हातातलं काम टाकून १०८ ला फोन करायचा.

कामाच्या तासांचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

नाथ पै गेले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २४ वी घटनादुरुस्ती झाली आणि त्यांच्या विधेयकाला हवा असलेला अधिकार संसदेला मिळाला. राजापूरची जागा मधू दंडवतेंनी जिंकली आणि कोकण रेल्वेचा पाठपुरावा पुढे नेला. नाथ पैंनी हाती घेतलेली कामं इतरांनी पूर्ण केली. बेळगावचा सीमाप्रश्न मात्र अजून कोर्टात आहे, आणि तिथे दर १७ जानेवारीला लोक जमतातच.