गोपुरीची निळी ज्योत

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, तेथे वीज देते, आणि मग अलोऱ्याजवळ कोळकेवाडीच्या धरणाशी पुन्हा कामाला जुंपले जाते. १९६२ पासून ही वीज मिळू लागली. ना कोळशाची वाघीण, ना धुराडे, ना राख! परंतु दिवे विजेचे झाले तरी आमच्या चिपळूण तालुक्यातील चुली पुढे कित्येक वर्षे लाकूडफाट्यावरच पेटत राहिल्या. डोंगरातून मोळी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे ओझे कोयनेने उतरविले नाही. त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात (कणकवली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होती) बिनधुराच्या चुलीचा विचार करणारे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय. पुण्यास प्राध्यापकी करून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. ते सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्याचे ते एक पुढारी. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

परंतु त्यांच्या आयुष्याची खरी दिशा दिसते ती १९३२ मध्ये, रत्नागिरीच्या तुरुंगात. त्यांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते काम देणे नियमात बसत नव्हते. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्याला ही वार्ता पोहोचताच त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही ३ डिसेंबरला उपवास आरंभिला आणि सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर तो सोडला. घाण उपसण्याच्या हक्कासाठी उपाशी राहणारा प्राध्यापक त्या काळच्या कित्येकांना विक्षिप्तच वाटला असेल. पण अप्पासाहेबांचा हिशेब सरळ होता. हे काम जन्माने एकाच जातीच्या माथी मारलेले आहे. ते आपण केल्याखेरीज त्यातील अपमान आपल्याला कळणार नाही, आणि तो कळल्याखेरीज ते काम नाहीसे करण्याची युक्तीही सुचणार नाही.

युक्ती शोधण्यासाठी त्यांनी १९४८ मध्ये कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. मेलेली गुरे सोलणे, कातडी कमावणे, खत करणे, असली सवर्णांनी नाके मुरडावीत अशी कामे तेथे सन्मानाने चालत. माणसाच्या हाताला मैला न लागता त्याचे खत व्हावे, अशा बेताचा गोपुरी संडास येथलाच. येथून गॅस फार दूर नव्हता. मैला किंवा पाण्यात कालवलेले शेण हवाबंद टाकीत कुजू दिले की सूक्ष्म जंतू त्यातून वायू निर्माण करतात. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो निळ्या ज्योतीने, धूर न करता जळतो. मागे राहिलेल्या राड्यात नत्र शिल्लक असते, म्हणजे इंधन मिळूनही खत बुडत नाही. शेणी थापून जाळल्या की खत गेले, आणि आपल्याकडे तर शेण भाताच्या राबातही भाजले जाते. मिथेन तसाच हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी अधिक उष्णता धरून ठेवतो. हे आज शाळेतही शिकवतात. अप्पासाहेबांपुढे मात्र प्रश्न हवेचा नव्हता, माणसाचा होता.

कल्पना काही अगदी नवी नव्हती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते. गोबरगॅसचा प्रसार पुढे खादी ग्रामोद्योग आयोगानेही केला. परंतु गाईच्या शेणाचा गॅस पवित्र आणि संडासाचा गॅस अपवित्र, ही वाटणी आमच्या मनातून सुटली नाही. ज्योतीला काही वास नसतो, तरी त्या चुलीवरचा भात घशाखाली उतरेना! लोखंडी टाकीचा गंज खरवडता येतो. हा गंज कशाने खरवडावा?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाच माणसांच्या घरच्या मैल्यावर त्या घराचा सगळा स्वयंपाक होत नाही. गॅस फार थोडा निघतो, शेणाची जोड द्यावी लागते. शेण म्हणजे गुरे आली, आणि ज्याच्या दावणीला गुरे नाहीत त्याला ही चूलही नाही. ज्या भूमिहीनांसाठी अप्पासाहेबांचा जीव तुटत होता, तेच या सोयीपासून दूर राहिले. अनेक घरांनी, किंवा साऱ्या वाडीने, एकत्र येऊन एक टाकी चालवावी हा त्यावरचा उपाय. पण सामाईक संडासाची देखभाल कोणी करायची, या प्रश्नाशी गाडे पुन्हा जातीपाशीच येऊन थांबते.

अप्पासाहेब १९७१ मध्ये वारले. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९९३ मध्ये झाला, आणि २०१३ मध्ये तो नव्याने, अधिक कडक करावा लागला. त्यांचा गॅसचा धागा मात्र तुटला नाही. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन मैल्यावर चालणारे मलप्रभा जैववायू संयंत्र विकसित केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गोपुरी आश्रम आजही कणकवलीस आहे.