नानांच्या वाड्यातील मुलींची शाळा

नाना शंकरशेट हे नाव आपणां गिरगावकरांच्या तोंडी रोजचेच आहे. बसने जायचे तर नाना चौकाला उतरायचे आणि पत्ता लिहायचा तर जगन्नाथ शंकरशेट मार्ग लिहायचा. परंतु जे नाव रोज तोंडी येते ते मनात मात्र क्वचितच येते. आपल्या महिला मंडळाचा वर्धापनदिन साजरा होत असताना, ज्यांनी आपल्या वाड्याचे दार शेजारपाजारच्या मुलींसाठी उघडले त्या नानांचे स्मरण करावे, असे मला वाटले. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना मुळाक्षरे गिरवायला शिकवली. तेव्हा नानांनी केलेल्या अनेक मोठ्या कामांतून मला ह्या लहानशा शाळेचेच काम सर्वांत जवळचे वाटावे, ह्यात नवल नाही.

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका दैवज्ञ कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकातच व्यापारासाठी मुंबईला आले होते. कोटातील एका रस्त्याला ह्या घराण्यातील गणबाशेट ह्यांच्या नावावरून गनबाव स्ट्रीट म्हणत असत. नाना चौकाजवळचे भवानी-शंकर मंदिर आपल्यापैकी अनेकींच्या नित्याच्या दर्शनाचे. तेही ह्याच घराण्याचे. नानांची आई त्यांच्या लहानपणीच वारली. वडिलांनी मुलासाठी घरीच शिक्षक ठेवले आणि त्याला संस्कृत व इंग्रजी शिकवले. पुढे १८२२ साली वडीलही गेले आणि एकोणीस वर्षांच्या ह्या मुलावर सगळ्या पेढीचा भार पडला.

ह्या वयात हाती पैसा आला म्हणजे मुलगा कोणत्या वाटेने जाईल हे सांगता येत नाही. नाना मात्र शाळांच्या वाटेने गेले. त्याच १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा काढणारी व शालेय पुस्तके छापणारी एक संस्था निघाली. पुढे ती बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी ह्या नावाने प्रसिद्ध झाली. नाना तरुणपणीच तिच्या कामात पडले.

त्या काळची शाळा कशी होती हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी शिकत आणि पावकी, निमकी, औटकी घोकीत. मुलांच्या हाती छापील पुस्तक असे नव्हतेच. ह्या संस्थेने मराठीत पुस्तके करून घेतली. सदाशिव काशीनाथ छत्रे हे तिचे पहिले देशी चिटणीस होते. त्यांची मराठी इसापनीती १८२८ साली निघाली. त्यांच्यामागून बाळशास्त्री जांभेकर ह्या कामाला लागले. ही सगळी पुस्तके मुलग्यांसाठी म्हणून तयार झाली खरी, पण पुढे मुली शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या हाती द्यायला मराठी पुस्तक होते ते ह्याच मंडळींच्या कष्टांमुळे.

१८४० साली सरकारने शिक्षणाचे बोर्ड नेमले आणि त्यात नानांना सभासद म्हणून घेतले. ह्या बोर्डात १८४७ साली एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मोठे न्यायाधीश होते. वरच्या शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच असावे आणि सरकारचा पैसाही तिकडेच लागावा, अशी त्यांची मनापासूनची समजूत होती. नानांनी त्यांना विरोध केला. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टन साहेब १८२७ साली परत गेले तेव्हा त्यांच्या नावाने इंग्रजी विद्येचे अध्यापक नेमण्यासाठी मुंबईकरांनी मोठा निधी जमवला, त्यात नाना पुढे होते. परंतु इंग्रजी फार थोड्यांनाच शिकता येईल आणि बहुजनांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच न्यावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. बोर्डातील दुसरे दोन देशी सभासद आणि कर्नल जर्विस हेही ह्याच मताचे होते. अध्यक्षाच्या विरुद्ध आपले मत लेखी नोंदवणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती.

ह्यानंतर दोनच वर्षांनी ते मत कसाला लागले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही सभा काढली होती. त्या सभेत निबंध वाचता वाचता ह्या तरुणांच्या मनाने घेतले की, नुसते निबंध वाचून काय होणार, आपण मुलींच्या शाळाच काढू या. १८४९ साली त्यांनी मराठी मुलींसाठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. सुरुवातीला पटावर ४४ पारशी मुली आणि २४ हिंदू मुली होत्या. शिकवायला पगारी मास्तर नव्हते. सभेचे सभासद सकाळी येऊन फुकट शिकवीत आणि मग आपापल्या कामाला जात. दादाभाई नवरोजी त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. तेही ह्या शिकवणाऱ्यांत होते.

मुंबईत मुलींच्या शाळा त्यापूर्वीही निघाल्या होत्या. अमेरिकन मिशनने १८२४ सालीच अशी शाळा काढली होती. पण धर्म बुडेल ह्या भीतीने पुष्कळ घरे तिकडे फिरकत नसत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली होती आणि त्यासाठी त्यांना काय काय सोसावे लागले हे आपण जाणतोच. तेव्हा ह्या तरुणांपाशी उत्साह कितीही असला तरी प्रश्न होता तो जागेचा. मुलगी कोणाच्या घरी जाते, कोणत्या गल्लीतून जाते, तिथे कोण बसलेले असते, हे आईबाप आधी पाहणार. कॉलेजात शिकणारी पोरे बोलवायला आली म्हणून कोणती आई आपली आठ वर्षांची मुलगी त्यांच्या हवाली करील?

ही अडचण नानांनी सोडवली. त्यांनी आपल्या गिरगावच्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली आणि खर्चाला आधार दिला. वाडा नानांचा, म्हणजे मुलगी शाळेत गेली असे न वाटता शेटजींच्या घरी गेली असेच शेजाऱ्यांना वाटे. ह्या शाळेला पुढे त्यांचेच नाव मिळाले. भाऊ दाजी लाड ह्यांनीही लोहार चाळीतील मुलींच्या शाळेला असाच हात दिला. आपल्याच समाजातील जुन्या मताच्या लोकांचा रोष नानांनी ह्यासाठी ओढवून घेतला. नानांसारख्या माणसाला हा रोष परवडण्यासारखा नव्हता, कारण त्यांची सारी प्रतिष्ठा ह्याच लोकांत होती. दहा ठिकाणी देणगी देणारे पुष्कळ असतात. घरच्या अंगणात लोकांची टीका बोलावून घेणारे थोडे.

ह्या शाळेत सगळे गोड होते असे मी म्हणणार नाही. मुलींची लग्ने दहाव्या वर्षाच्या आसपास होत आणि लग्न झाले की बहुतेकींची शाळा सुटे. अक्षर जरा वळणावर येते आहे तोच ती मुलगी पटावरून नाहीशी व्हायची. शिकवणारेही सारे पुरुषच. मिस मेरी कार्पेंटर ह्या इंग्रज बाई १८६६ साली हिंदुस्थानात आल्या, तेव्हाही मुलींच्या शाळांतून पंतोजीच शिकवीत होते आणि स्त्रीशिक्षिका तयार केल्याखेरीज गत्यंतर नाही असा आग्रह त्यांना धरावा लागला. शिवाय गिरगावच्या शाळेत आल्या त्या बहुतेक पांढरपेशा घरांतील मुली. दलित मुलांसाठी त्याच काळात पुण्यात फुले दांपत्य झटत होते. नानांचे काम थोर मानताना त्याची ही मर्यादाही आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

नानांचे बाकीचे आयुष्य मुंबईच्या इतिहासाशी जडलेले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. ती रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना होते. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८५७ च्या धामधुमीत सरकारला त्यांचाच संशय आला, पण त्यांच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही. त्याच साली निघालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते फेलो झाले आणि पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलातही गेले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती.

पुतळा व शिष्यवृत्ती ह्यांची आठवण लोक ठेवतात. त्या पहिल्या चोवीस मुलींतील एकीचेही नाव आपल्या तोंडी नाही. पण त्यांपैकी एखादीने उतारवयात नातवंडांना पोथी वाचून दाखवली असेल, एखादीने वाण्याचा हिशेब स्वतः तपासला असेल. माझ्या मते नानांच्या शाळेचे खरे फळ ते.

भगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. आपल्या भागातील मराठी प्राथमिक शाळांचे पट गेल्या काही वर्षांत कसे रोडावले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. आपणच आपली नातवंडे इंग्रजी शाळेत घातली, माझ्या घरीही तेच झाले, आणि त्यात आईबापांची काळजी असते हे मी जाणते. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु आपल्या घरी पोळ्या करायला, भांडी घासायला येणाऱ्या बायांची मुले अजून ह्याच मराठी शाळांत जातात. दुपारी शाळा सुटली की दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला बसायला त्यांना जागा नसते. दुसरीकडे आपल्या मंडळाची खोली हळदीकुंकू, भजन आणि मासिक सभा सोडली तर कुलूपबंदच असते.

म्हणून माझी एक सूचना आहे. रोज दुपारी दोन तास ही खोली ह्या मुलांसाठी उघडी ठेवावी. पाळीपाळीने आपल्यापैकी दोघींनी तिथे बसावे, मुलांकडून मराठी वाचून घ्यावे आणि पाढे म्हणवून घ्यावेत. जमिनीवर डाग पडतील, सतरंजी मळेल, कोणी कुरकुरही करील. नानांच्या आवारातही हे सारे झालेच असेल. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे. आपण सर्वजणींनी त्याचा विचार करून यावे, अशी नम्र विनंती करून लेखणी आवरती घेते.