बातमीदारी सोडली, पण तपास सोडला नाही : गास्तों लेरू

'फँटम ऑफ द ऑपेरा' हे नाव सिनेमा आणि संगीत नाटकामुळे जगभर पोचलं. मुखवट्याआडचा तो विद्रूप संगीतकार अनेकांना ठाऊक आहे. पण त्याला जन्म देणारा लेखक मुळात वर्तमानपत्राचा बातमीदार होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

गास्तों लेरूचा जन्म ६ मे १८६८ रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपण नॉर्मंडीत गेलं. पुढे त्यानं कायद्याचं शिक्षण घेतलं. १८८९ मध्ये वडील वारले आणि जवळपास दहा लाख फ्रँकचा वारसा हाती आला. तरुण वय, हातात पैसा आणि जुगाराचा नाद! काही महिन्यांतच बहुतेक रक्कम उडाली. मग पोटासाठी लेखणी धरावी लागली.

सुरुवातीला कोर्टाच्या बातम्या आणि नाटकांची परीक्षणं, असं दुहेरी काम त्यानं केलं. पुढे 'ल माताँ' या मोठ्या दैनिकाचा तो नामांकित बातमीदार झाला. १९०५ च्या रशियन क्रांतीच्या बातम्या त्यानं प्रत्यक्ष तिथं राहून दिल्या. कोर्टाच्या बातमीदारीत गिलोटिनची शिक्षाही त्याला डोळ्यांनी बघावी लागली. तेव्हापासून तो फाशीच्या शिक्षेचा पक्का विरोधक बनला. पुरावा दिसायला भक्कम असला तरी त्यात निरपराध माणूस अडकू शकतो, ही गोष्ट त्याच्या कादंबरीतही उतरली.

१९०७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं नोकरी सोडली. लांबच्या कामगिरीवरून दमून परतलेल्या लेरूला लगेच दुसरीकडे निघायचा हुकूम आला आणि त्यानं तिथल्या तिथं नकार दिला, असं सांगितलं जातं.

त्याच वर्षी 'पिवळ्या खोलीचं रहस्य' ही कादंबरी क्रमशः छापून आली. दार आतून बंद, आत जखमी तरुणी, आणि हल्लेखोर मात्र गायब! कथानक १८९२ सालचं. गुंता सोडवणारा रूलताबी हा पोलीस नव्हे, अठरा वर्षांचा बातमीदार आहे. निरपराध माणसावर खटला चालतो आणि हा पोरगा भर कोर्टात येऊन त्याला वाचवतो. बंद खोलीच्या रहस्यकथांमध्ये या पुस्तकाला आजही मानाचं स्थान आहे.

'फँटम' १९०९-१० मध्ये 'ल गोल्वा' या दैनिकातून क्रमशः आली. तिथं तर लेरूनं सरळ बातमीदाराचाच वेश घेतला. तीसेक वर्षांपूर्वीचं प्रकरण आपण कागदपत्रं आणि साक्षीदार तपासून मांडतोय, असा आव त्यानं आणला. भूत कल्पनेतलं, पण आजूबाजूच्या कितीतरी गोष्टी खऱ्या. १८७५ मध्ये सुरू झालेल्या पॅरिसच्या ऑपेरा इमारतीचा पाया खणताना पाणी लागलं होतं. त्यामुळे खाली मोठा हौद बांधावा लागला. कादंबरीतलं भूमिगत तळं ते हेच. १८९६ मध्ये तिथल्या झुंबराचं एक वजन प्रेक्षकांत कोसळून एका बाईचा जीव गेला होता. कादंबरीत अख्खं झुंबरच खाली येतं. १९०७ मध्ये तळघरात ग्रामोफोनच्या तबकड्या बंद करून ठेवल्या गेल्या. लेरूनं त्या खोदकामात सांगाडा सापडल्याचं लिहिलं आणि वाचक चक्रावले.

पुढे १९१९ मध्ये त्यानं चित्रपटाच्या धंद्यातही भागीदारी केली. १९२५ मध्ये लॉन चेनीच्या मूकपटानं 'फँटम' घरोघरी नेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ एप्रिल १९२७ रोजी, नीस शहरात लेरूचं निधन झालं.

त्यानं लिहिलेल्या हजारो ओळींच्या बातम्या आज कुणी वाचत नाही. ऑपेरातल्या पाच नंबरच्या बॉक्सच्या दारावर मात्र त्याच्या भुताच्या नावाची पाटी आहे, आणि पॅरिसला गेलेले लोक ती मुद्दाम शोधत जातात.