घोड्याच्या रक्तात त्याला वळवळणारा जीव दिसला, पण वरच्या साहेबांनी विश्वासच ठेवला नाही

अहिल्यानगर जिल्ह्यात घोडेगाव म्हटलं की जनावरांचा बाजार आठवतो. बाजारातून आणलेली चांगली धट्टीकट्टी म्हैस कधी कधी पावसाळ्यात आजारी पडते. ताप येतो, उतरतो, परत येतो. दूध आटतं, अंग वाळतं, पाय सुजतात. डॉक्टर येतात आणि काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घेतात. त्या थेंबात बऱ्याचदा सापडतो सर्रा.

रक्तातला हा परजीवीच जनावराला मारतो, हे जगाला पहिल्यांदा सांगणाऱ्या माणसाचं नाव होतं ग्रिफिथ इव्हान्स.

इव्हान्सचा जन्म १८३५ चा, वेल्समधल्या टायविन गावचा. १८५५ मध्ये तो जनावरांचा डॉक्टर झाला आणि पुढं ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात लागला. पोस्टिंग मिळालं कॅनडात. तिथं नोकरी सांभाळून त्यानं मॅकगिल विद्यापीठातून माणसांच्या डॉक्टरकीचीही पदवी घेतली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तर हा पठ्ठ्या ते बघायला गेला आणि थेट अब्राहम लिंकनला भेटून आला.

१८७७ मध्ये तो भारतात आला. तेव्हा लष्कराची सगळी मदार घोडे, उंट आणि खेचरांवर होती. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान भागात (आज पाकिस्तानात) हीच जनावरं पटापट मरत होती. स्थानिक लोक या रोगाला सर्रा म्हणायचे. कारण शोधायला इव्हान्सला पाठवलं.

त्यानं आजारी घोड्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. लाल पेशींच्या गर्दीत बारीक, लांबट जीव वळवळत होते. मग त्यानं हे रक्त निरोगी घोड्याला आणि कुत्र्याला टोचलं. तेही आजारी पडले आणि त्यांच्या रक्तातही तेच जीव सापडले.

गोष्ट इथंच संपायला हवी होती, पण खरी अडचण इथून सुरू झाली.

कारण तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं. असे जीव उंदरांच्या रक्तातही सापडले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. त्यामुळे रक्तातल्या जीवांनी रोग होतो, हे त्यांना पटेना. इव्हान्सचा अहवाल गेला, पण त्याचं म्हणणं मान्य झालं नाही. जनावरं मरतच राहिली.

त्याच्या बाजूनं पुरावा आला तो जॉन हेन्री स्टीलकडून. पुढं १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई व्हेटर्नरी कॉलेजचे पहिले प्राचार्य ते हेच. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांचा आजार तपासताना स्टीलना तेच जीव दिसले. त्यांनी या जीवाला इव्हान्सचं नाव दिलं. जीव नक्की कोणत्या गटातला, हे ओळखण्यात स्टील चुकले, पण नाव टिकलं. आज तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणून ओळखला जातो.

हा जीव पसरतो कसा? रक्त पिणारी टॅबॅनस माशी आजारी जनावराला चावते आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन लगेच दुसऱ्याला चावते. १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्सनं प्रयोगानं हे दाखवलं.

इव्हान्सचा सन्मान झाला, पण कधी? १९१७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेनं त्याला मेरी किंग्जली पदक दिलं. डिसेंबर १९३५ मध्ये, वयाची शंभरी पार करून तो गेला.

आता महाराष्ट्रातला भाग. सर्रा माणसाला होत नाही असंच मानलं जायचं. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जीव सापडला. माणसात याची खात्री झालेली ही जगातली पहिली केस. माणसाच्या रक्तात या जीवाला मारणारं एक प्रथिन असतं. त्या शेतकऱ्यात तेच नव्हतं. सुरामिन औषधानं तो बरा झाला. त्याचा आजारही रक्ताच्या तपासणीतूनच कळला.

म्हणून गोठ्यातलं जनावर ताप येऊन-जाऊन खंगत असेल तर नुसत्या अंदाजानं औषध देऊ नका. ताप चढलेला असतानाच डॉक्टरांना बोलवा आणि रक्त तपासून घ्या, कारण ताप उतरला की हे जीव रक्तात सापडणं अवघड होतं. रोगाचं कारण त्या थेंबात आहे, हे इव्हान्सनं १८८० मध्येच सांगून ठेवलंय.