वाळूच्या कणाएवढे शंख आणि आल्सिद दॉर्बिन्यी

समुद्रकिनाऱ्यावरची चिमूटभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात कधीकधी वाळूच्या कणाएवढे, कप्पेदार शंख दिसतात. त्यांना 'फोरॅमिनिफेरा' हे नाव देणारे फ्रेंच संशोधक म्हणजे आल्सिद दॉर्बिन्यी.

त्यांचा जन्म १८०२ चा, नांतजवळच्या कुएरॉन गावातला. वडील डॉक्टर होते आणि त्यांना निसर्ग-अभ्यासाचा नाद होता. पुढे हे कुटुंब ला रोशेलच्या किनाऱ्याकडे राहायला गेलं. तिथे बापलेक मिळून वाळू चाळत आणि शंख वेचत. हे शंख दुसऱ्याला दाखवायचे कसे, ही खरी अडचण होती. दॉर्बिन्यींनी त्यांच्या कितीतरी पट मोठ्या प्रतिकृती कोरल्या आणि त्यांचे प्लास्टरचे १०० नमुने तयार केले.

१८२६ साली त्यांनी आपलं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. नॉटिलसच्या शंखातले कप्पे नळीने जोडलेले असतात, या शंखांत मात्र कप्प्यांमधल्या पडद्याला नुसतं छिद्र असतं. म्हणून नाव पडलं फोरॅमिनिफेरा, म्हणजे छिद्रधारी. कप्पे एका रांगेत आहेत, दोन रांगांत की मळसूत्रासारखे, यावरून त्यांनी गट पाडले.

निरीक्षण चोख होतं, पण निष्कर्ष साफ चुकला. त्यांनी या जीवांना ऑक्टोपस आणि माकुळांच्या वर्गात बसवलं! त्याच वर्षी ते पॅरिसच्या संग्रहालयातर्फे दक्षिण अमेरिकेला गेले आणि तिथे सात वर्षांहून अधिक काळ फिरले. (मागाहून पोचलेल्या डार्विनला धास्ती होती, की चांगले नमुने हा फ्रेंच माणूस आधीच नेणार.) ते परतल्यावर १८३५ मध्ये फेलिक्स दुजार्दँ यांनी दाखवून दिलं, की या शंखांत माकुळासारखा प्राणी नसतोच. आत असतो तो अगदी साधा, जेलीसारखा जीव. आज आपण त्याला एकपेशीय म्हणतो. १८३९ च्या ग्रंथात दॉर्बिन्यींनीही जुनी जागा सोडून त्यांचा स्वतंत्र वर्ग मानला.

वर्ग बदलला, पण जाती टिकल्या. १८२६ च्या यादीतली 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' आजही त्यांच्याच नावाने लिहिली जाते. शेवटच्या वेढ्यात फुग्यासारखे चार कप्पे आणि मधोमध मोठं कमानदार तोंड, ही तिची ओळख. ती पाण्यात तरंगत जगते, हे मात्र दॉर्बिन्यींच्या मृत्यूनंतर स्पष्ट झालं.

१८४६ मध्ये त्यांनी व्हिएन्ना खोऱ्यातल्या जीवाश्म फोरॅमिनिफेरांवर मोठा ग्रंथ लिहिला. कोणत्या थरात कोणती जाती सापडते, यावरून खडकांचं वय लावण्याची पद्धत पुढे तेलविहिरींच्या कामी आली. १८५३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात जीवाश्मशास्त्राचं खास पद त्यांच्यासाठी निर्माण झालं. ते त्यांना जेमतेम चार वर्षं लाभलं. १८५७ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्या बुलॉइडिसचा आपल्या पावसाशीही संबंध आहे. नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले, की अरबस्तानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ही जाती तिथे भराभर वाढते. मेल्यावर तिचे शंख तळाशी साचतात. म्हणून अरबी समुद्राच्या तळातला गाळ काढून संशोधक तिचं प्रमाण मोजतात आणि हजारो वर्षांपूर्वीचा मॉन्सून किती जोरदार होता, याचा अंदाज बांधतात.