हिंदीच्या वादात बाबासाहेब अर्धे वाचू नका

१४ एप्रिल २०२५ रोजी देशभर बाबासाहेबांची जयंती साजरी झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, महाराष्ट्र शासनाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. राज्यभर ओरड झाली. १७ जूनला सक्तीचा शब्द मवाळ करणारा दुसरा निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जाधवांचे कुटुंब मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातील ओझरचे. बाबासाहेबांच्या हाकेने गाव सोडून उभ्या राहिलेल्या पिढीचा हा वारसा. त्यामुळे हा वाद आपल्या दारात येऊन उभा राहिला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या गदारोळात एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. दोन्ही बाजूंनी बाबासाहेबांचे नाव वापरले. हिंदीचे समर्थक म्हणाले, बाबासाहेबांनाच हिंदी हवी होती. विरोधक म्हणाले, संविधानात हिंदीला राष्ट्रभाषा म्हटलेलेच नाही. दोघेही खोटे बोलत नव्हते. पण दोघांनीही बाबासाहेब अर्धेच सांगितले. आपल्या समाजबांधवांनी तरी ते पूर्ण समजून घेतले पाहिजेत. त्यासाठी बाबासाहेबांचे जीवन एकदा भाषेच्या अंगाने पाहावे लागेल.

१८९१ साली महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. घर रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे, म्हणजे भाषा मराठी. छावणीबाहेर माळव्याची बोली, छावणीत इंग्रजांचा हुकूम. सुभेदार रामजी कबीरपंथी होते. त्यामुळे घरात संतांच्या अभंगांबरोबर कबीराचे दोहेही म्हटले जात. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. या तीन गुरूंच्या भाषा पाहा. बुद्धांचा उपदेश आपल्याला पालीत मिळाला, कबीर उत्तरेच्या लोकबोलीत बोलले आणि जोतीराव मराठीत लिहीत होते. तिघांनीही पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांची भाषा धरली. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचने वैदिक छंदात बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जाऊन पाहा. तिथले बहुतेक शिलालेख प्राकृतात आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लेण्यांवर कोरलेली ही भाषा मराठीच्या पूर्वजांपैकी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा जाहीर झाला, हाही योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

भीमरावांच्या वाट्याला मात्र भाषा आली ती आधी बंद दरवाजा होऊन. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. वर्ग तोच, फी तीच, पण एक भाषा जातीने अडवलेली. ही जखम ते विसरले नाहीत. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर आत्मसात केली आणि त्याच ग्रंथांचा कीस पाडून शूद्र कोण होते, अस्पृश्य कोण होते हे जगाला सांगितले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते मराठीत होते. म्हणजे संस्कृतने जो दरवाजा लावून घेतला होता, त्याच्या शेजारचा दरवाजा मराठीने उघडला.

कोलंबियाचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानाने ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, ते मराठीत. मूकनायक. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. १९२७ साली बहिष्कृत भारत, १९३० साली जनता, १९५६ साली प्रबुद्ध भारत. सगळी पत्रे मराठी. मात्र साउथबरो समिती, सायमन कमिशन आणि गोलमेज परिषदेसमोर ते इंग्रजीत उभे राहिले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध इंग्रजीत, जातिसंहाराचा ग्रंथ इंग्रजीत. बाबासाहेबांची ही विभागणी सरळ होती. आपल्या माणसाला जागे करायचे तर त्याच्या भाषेत बोलायचे आणि सत्तेला जाब विचारायचा तर सत्तेला कळेल त्या भाषेत विचारायचा. भाषेची पूजा त्यांनी कधी केली नाही. ज्या कामाला जी भाषा लागेल ती त्यांनी कमावली.

याचे सर्वात जवळचे उदाहरण आपल्या नाशिकचेच आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीच्या रस्त्यावर खेड्यापाड्यांतून आलेले हजारो स्त्री-पुरुष उतरले. त्यांची जमवाजमव, त्यांची भाषणे, त्यांची गाणी सगळे मराठीत. दादासाहेब उर्फ भाऊराव गायकवाड या लढ्याचे चिटणीस होते. आणि याच भाऊरावांना बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी जे पत्र लिहिले ते इंग्रजीत होते. सत्याग्रह देवदर्शनासाठी नव्हता, समाजात चेतना यावी म्हणून होता आणि आता सारी शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. लढा मराठीत, पत्र इंग्रजीत, ध्येय एकच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९३७ नंतर मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली. पेरियार रामस्वामींच्या नेतृत्वाखाली तिथे मोठे आंदोलन उभे राहिले. १९३९ साली नटराजन आणि थालमुत्तू हे दोन तरुण कारावासात दगावले. त्यातला नटराजन दलित समाजातला होता. जानेवारी १९४० मध्ये पेरियार मुंबईत आले तेव्हा त्यांची व बाबासाहेबांची भेट झाली. दक्षिणेला हिंदीमागे कोणाचे वर्चस्व दिसते, हे बाबासाहेबांना ठाऊक नव्हते असे म्हणताच येणार नाही.

संविधान सभेत भाषेचा प्रश्न सर्वात चिघळला. अंक देवनागरी असावेत की आंतरराष्ट्रीय, यावरसुद्धा सभासद हमरीतुमरीवर आले. या प्रश्नावर काँग्रेस पक्षाच्या बैठकीत मतदान झाले तेव्हा हिंदीच्या बाजूने ७८ आणि विरुद्ध ७८ अशी बरोबरी झाली आणि नंतरच्या मोजणीत ७८ विरुद्ध ७७ असे अवघ्या एका मताने पारडे झुकले, ही हकिकत खुद्द बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवली. सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या दुरुस्तीला त्यांचा पाठिंबा असल्याची बातमीही वृत्तपत्रांत आली होती. ती वाचून आजही आपले अनेक कार्यकर्ते बुचकळ्यात पडतात. जिच्यापासून आपल्याला तोडले तीच भाषा कशाला? पण संस्कृत कोणाच्याच घरची बोली नव्हती. ती राजभाषा झाली असती तर कोण्या एका प्रांताला जन्मतःच फायदा मिळाला नसता आणि शाळेत ती सर्वांना शिकवावीच लागली असती, अस्पृश्याच्या मुलालाही. त्या पाठिंब्याचा एक अर्थ असाही लागतो.

अखेर १४ सप्टेंबर १९४९ रोजी तडजोड झाली. देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, १५ वर्षे इंग्रजीही चालू, राज्यांना आपली भाषा निवडण्याची मोकळीक आणि आठव्या अनुसूचीत तेव्हा १४ भाषा. आज त्या २२ आहेत. राष्ट्रभाषा हा शब्द संविधानाने कोणत्याच भाषेला लावला नाही. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. खिशातली नोट काढून पाहा. हिंदी आणि इंग्रजी ठळक अक्षरांत आणि कडेच्या पट्टीत १५ भाषा एकाखाली एक. त्यात मराठीही आहे. ती तडजोड आपण रोज हाताळतो.

इथपर्यंत सगळे सोयीचे आहे. गैरसोयीचा भाग पुढे आहे आणि तो लपवण्याचे आपल्याला काही कारण नाही. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सांगितले की भाषावार प्रांत करा, पण प्रांताची राजभाषा केंद्राचीच असू द्या. १९५५ साली भाषावार राज्यांवरील ग्रंथात त्यांनी हे अधिक कठोरपणे मांडले. राज्याची राजभाषा प्रादेशिक भाषा नसावी, ती हिंदी असावी आणि देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी चालावी. एका भाषेने माणसे जोडली जातील, अनेक भाषांनी तुटतील, ही त्यांची धास्ती होती. हे न मानणारा आधी मराठी किंवा तमिळ ठरेल, खरा भारतीय ठरणार नाही, इतक्या टोकाला ते गेले. हिंदीचे समर्थक बाबासाहेबांचे नाव घेतात ते याच पानांच्या आधारे.

परंतु त्याच ग्रंथाची पुढची पाने ते उलटत नाहीत. हिंदी मान्य करणारे बाबासाहेब त्याच ग्रंथात उत्तरेच्या संख्याबळाविरुद्ध इशारा देतात. उत्तर प्रदेशाचे तीन, बिहारचे दोन आणि मध्य प्रदेशाचे दोन तुकडे करा, असे ते सांगतात. बिहारच्या एका तुकड्याची राजधानी त्यांनी रांची सुचवली होती. २००० साली झारखंड झाले आणि रांची खरोखरच राजधानी झाली. दक्षिणेला आपण परके आहोत असे वाटू नये म्हणून हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी करा, हीही सूचना त्यातच आहे. महाराष्ट्राचेही त्यांनी चार भाग कल्पिले होते आणि आपला नाशिक जिल्हा मध्य महाराष्ट्रात घातला होता. म्हणजे हिंदी आणि हिंदी पट्ट्याची सत्ता या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. पहिली घ्या, दुसरी मोडा, असा तो एकत्र सौदा होता. आज त्यातला पहिला भाग मागणारे दुसऱ्या भागाबद्दल का बोलत नाहीत?

आणखी एक गोष्ट. तो सगळा युक्तिवाद राज्यकारभाराच्या भाषेबद्दल आहे. सहा वर्षांच्या लेकराच्या दप्तराबद्दल नाही. कचेरीसाठी केलेल्या युक्तिवादाची सही आणून पहिलीच्या वर्गावर शिक्का मारणे, ही बाबासाहेबांच्या नावाची लबाडी आहे.

बाबासाहेबांची धास्ती खरी ठरली का, हेही विचारायला हवे. महाराष्ट्राने १९६४ च्या कायद्याने मराठी ही राजभाषा केली, इतर राज्यांनी आपापल्या भाषा केल्या, तरी देश फुटला नाही. उलट हिंदी लादली जाणार या भीतीने १९६५ साली तामिळनाडू पेटला. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि १९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले, ते याच मराठी राज्याच्या लढ्याच्या लाटेत. बाबासाहेबांच्या सर्वात निकटच्या सहकाऱ्याने मराठी राज्याचा झेंडा खांद्यावर घेतला, म्हणून तो कमी आंबेडकरवादी ठरला नाही. बाबासाहेबांचे प्रत्येक वाक्य डोळे मिटून पाळा, अशी शिकवण तर खुद्द बाबासाहेबांचीच नाही.

त्याच वेळी हिंदीचा द्वेष करण्याचेही आपल्याला कारण नाही. लखनौच्या चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी हिंदीत पुस्तके काढली नसती तर उत्तरेच्या चांभारवाड्यांत बाबासाहेब पोहोचायला किती उशीर झाला असता! नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम शोधायला आलेला बिहारचा मजूर हिंदी बोलतो तेव्हा तो आपल्यावर राज्य करत नसतो. तो आपल्यासारखाच पोट भरत असतो. भांडण सक्तीशी आहे, भाषा बोलणाऱ्या गरिबाशी नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्रिसरण-पंचशील पालीत झाले आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत. लाखो माणसांनी एका दिवसात दोन्ही भाषा आपल्या केल्या, कारण दोन्हींतून त्यांना माणूसपण मिळत होते. ज्याला लहानपणी एक भाषा नाकारली गेली, त्याने आयुष्याच्या शेवटी आपल्या लोकांना नवी भाषा देऊन ठेवली.

म्हणून भाषेचे कोणतेही धोरण आले, मग ते हिंदीचे असो, इंग्रजीचे असो की मराठीच्या अभिमानाचे, आपण एकच कसोटी लावावी. यातून वस्तीतल्या पोराला कोणता दरवाजा उघडतो आणि कोणत्या दरवाजावर नवा पहारेकरी बसतो? जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी धड वाचायला शिकवणारा शिक्षक नाही, इंग्रजीला शिक्षक नाही आणि वर तिसऱ्या भाषेचे ओझे. मग मागे कोण पडणार, हे सांगायला समिती लागत नाही. श्रीमंताचे पोर तिन्ही भाषा शिकवणी लावून शिकेल. आपले पोर तिन्हींत नापास होईल. एल्फिन्स्टनच्या वर्गात संस्कृतचा दरवाजा जातीने बंद केला होता. आज तो शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीने बंद होऊ नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

बाबासाहेब वाचा. पण पूर्ण वाचा.