बिशप पॅटिसन आणि समुद्रावरील मनुष्यचोरी

अमेरिकेत इसवी सन १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या बाजारात सोन्याचा पाऊस कसा पडला ही कथा आमच्या व्यापारी वाचकांस नव्याने सांगावयास नको. नव्या बँका आणि कंपन्या रातोरात उभ्या राहिल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो सारा डोलारा कोसळून कित्येक पेढ्यांचे दिवाळे निघाले. परंतु त्याच कापसाच्या टंचाईने पॅसिफिक महासागरात काय अनर्थ ओढवला, त्याची वार्ता आमच्याकडे फार थोड्यांस आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात आणि फिजी बेटांत गोऱ्या मळेवाल्यांनी ह्याच तेजीत कापूस लाविला. तो वेचावयास मजूर हवेत, म्हणून १८६३ साली रॉबर्ट टाउन्स नामक व्यापाऱ्याने मेलानेशियातील बेटांवरून ६७ माणसे जहाजात घालून क्वीन्सलंडात आणिली. पुढे कापूस गेला, ऊस आला. माणसे आणणे मात्र चालूच राहिले. ज्या एका पुरुषाच्या मृत्यूमुळे हा व्यवहार जगापुढे उघडा पडला, त्या जॉन कोलरिज पॅटिसन ह्यांचे चरित्र आज सांगण्याचे योजिले आहे.

मिशनरी हा शब्द कानी पडताच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतात हे आम्ही जाणतो. धर्मांतराचा वाद हा स्वतंत्र विषय आहे व तो येथे काढावयाचा नाही. ह्या गृहस्थांचा झगा क्षणभर दृष्टीआड करून त्यांची करणी तेवढी पाहावी, एवढीच विनंती.

पॅटिसन ह्यांचा जन्म १ एप्रिल १८२७ रोजी लंडन येथे झाला. वडील सर जॉन पॅटिसन हे वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश. आई प्रसिद्ध कवी कोलरिज ह्यांची पुतणी. ईटनची शाळा, ऑक्सफर्डचे बॅलिअल कॉलेज, पुढे मर्टन कॉलेजची फेलोशिप, असा त्यांचा विद्याभ्यासाचा राजमार्ग होता. ईटनमध्ये ते क्रिकेटच्या चमूचे नायक होते. भाषांची गोडी त्यांस उपजतच असावी. १८५२ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहून त्यांनी हिब्रू व अरबी ह्या भाषांचा अभ्यास केला. अशा तरुणास विलायतेत कोणते पद दुर्लभ होते? परंतु १८५४ च्या उन्हाळ्यात न्यूझीलंडचे बिशप सेल्विन त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आले आणि सर्व चित्र पालटले. वयाच्या चौदाव्या वर्षी पॅटिसन ह्यांनी ह्याच सेल्विनचे निरोपाचे प्रवचन ऐकले होते. तेव्हापासून मनात दडलेली इच्छा आता ओठांवर आली. प्रश्न होता तो वृद्ध पित्याचा. आई १८४२ मध्येच निवर्तली होती आणि पित्यास बहिरेपणामुळे न्यायासन सोडावे लागले होते. थोरल्या मुलास पृथ्वीच्या पलीकडल्या टोकास धाडणे म्हणजे पुन्हा भेट नाही, हे न्यायाधीशांस पुरते कळत होते. तरीही द्यावयाचा तर हातचे काही राखून न ठेवता द्यावयाचा, असा निर्णय त्यांनी दिला. मार्च १८५५ मध्ये पॅटिसन निघाले. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. १८६१ च्या जूनमध्ये वडील वारले आणि ती बातमी मुलास कळावयास पुढे महिने लागले.

मेलानेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस पसरलेली बेटांची माळ. आज तिच्यात सॉलोमन बेटे व वानुआतू अशी स्वतंत्र राष्ट्रे आहेत. त्या काळी तेथे ना राजा ना राजधानी, आणि दर बेटागणिक, कधी तर दर खाडीगणिक, भाषा निराळी. हवा दमट, हिवताप घरोघर. बाहेरच्या माणसाने तेथे बारमास राहणे कठीण, म्हणून सेल्विन ह्यांनी अशी योजना आखली होती की, सदर्न क्रॉस नावाच्या जहाजातून दर वर्षी बेटोबेटी हिंडावे, आईबापांच्या संमतीने काही मुले ऑकलंडच्या शाळेत आणावी, आणि थंडीचे दिवस येण्यापूर्वी त्यांस परत घरी पोहोचवावे. मुलांनीच पुढे आपापल्या गावी शिक्षक व्हावे, हा त्यातील हेतू.

हे काम पॅटिसन ह्यांच्या अंगी पडले. मचवा किनाऱ्यापासून दूर उभा ठेवावयाचा आणि आपण एकट्याने, हाती शस्त्र न घेता, पाण्यातून चालत किंवा पोहत पलीकडे धनुष्यबाण घेऊन उभ्या असलेल्या जमावात जावयाचे, ही त्यांची नित्याची रीत. गळ, मणी, कुऱ्हाडी अशा भेटी वाटाव्या, चार शब्द ऐकून टिपून घ्यावे, आणि विशेष म्हणजे भेटलेल्यांची नावे वहीत लिहून ठेवावी. पुढल्या वर्षी त्याच किनाऱ्यावर उतरून त्या माणसास नावाने हाक मारिली की अर्धे वैर तेथेच विरून जाई. असे करिता करिता त्यांस सुमारे २३ भाषा अवगत झाल्या असे सांगतात. कित्येक भाषांची लहान लहान व्याकरणे त्यांनी सिद्ध केली, आणि ती मिशनच्या छापखान्यात छापली गेली. ह्या भाषांपैकी मोटा नावाच्या चिमुकल्या बेटाची भाषा शाळेची समाईक भाषा म्हणून निवडली. इंग्रजीस तो मान दिला नाही, ही गोष्ट आमच्या शिक्षणखात्याच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

शाळेतील व्यवस्थाही अशीच मुलखावेगळी होती. तेथे पंक्तिभेद नव्हता. गोरा शिक्षक आणि काळा विद्यार्थी एकाच भोजनगृहात जेवीत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम सर्वांच्या वाट्यास पाळीपाळीने येई. हलके काम मेलानेशियनाने करावे आणि हुकूम इंग्रजाने सोडावा, ही वसाहतीतील चाल त्यांनी आपल्या आवारात शिरू दिली नाही. १८६३ मध्ये शाळेत हगवणीची साथ आली, तेव्हा मुलांची अंथरुणे धुण्यापासून दगावलेल्यांस मूठमाती देईपर्यंत सर्व काही बिशपांनी स्वतःच्या हातांनी केले. होय, एव्हाना ते बिशप झाले होते. २४ फेब्रुवारी १८६१ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मेलानेशियाचे पहिले बिशप म्हणून त्यांस दीक्षा मिळाली. फेलोशिपचे उत्पन्न आणि वडिलोपार्जित पैसा ते मिशनच्याच कामी लावीत. मेलानेशियन माणसास इंग्रज बनविणे हे आपले काम नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. त्याचा पोशाख, त्याचे घर, त्याच्या चालीरीती ह्यांतील जे निरुपद्रवी ते तसेच राहू द्यावे. ऑकलंडची थंडी मुलांस बाधते असे पाहून १८६७ मध्ये शाळा नॉरफोक बेटावर नेली. दुसऱ्याच वर्षी तेथे जॉर्ज सराविया ह्या बँक्स बेटांतील गृहस्थास डीकनची दीक्षा दिली. दहा वर्षांपूर्वी जो परका म्हणून जहाजावर आला होता, तो आता मोटा बेटावर आपल्याच लोकांची शाळा चालवू लागला.

हे सर्व काम रक्त न सांडता झाले असे नाही. १५ ऑगस्ट १८६४ रोजी सांताक्रूझ बेटावरून परतताना मचव्यावर बाणांचा वर्षाव झाला. एडविन नॉब्ज आणि फिशर यंग हे नॉरफोक बेटाचे दोन तरुण घायाळ झाले आणि पुढे थोड्याच दिवसांत धनुर्वाताने गेले. दोघेही पॅटिसन ह्यांस पोटच्या मुलांसारखे होते. ह्या धक्क्यातून ते कधीच पुरते सावरले नाहीत, असे त्यांस ओळखणारे म्हणत. पण त्या बेटवाल्यांविषयी त्यांनी रोष धरिला नाही.

आता मजुरांच्या जहाजांकडे वळू. कायद्याच्या कागदावर सर्व ठीकठाक होते. क्वीन्सलंडने १८६८ मध्ये नियम केले: करार तीन वर्षांचा, वेतन वर्षास ६ पाउंड, मुदत संपताच परत पोहोचविणे. परंतु ज्यास लिहिता वाचता येत नाही, ज्याची भाषा जहाजावर कोणास कळत नाही, त्याने कागदावर काढिलेल्या फुलीस करार म्हणावयाचे काय? आमच्याकडे सावकाराच्या दस्तऐवजावर आंगठा उमटविणारा कुणबी ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे फोड करून सांगणे नलगे. कित्येक जहाजे तर एवढाही सोपस्कार करीत नसत. व्यापाराच्या मिषाने होड्या जवळ बोलवाव्या, वरून लोखंडाचे वजन टाकून त्या बुडवाव्या, आणि पाण्यात धडपडणारी माणसे वर ओढून तळखणात कोंडावी. त्याहूनही नीच युक्ती पुढे ऐकू येऊ लागली: जहाजावरील कोणी पाद्र्यासारखा झगा चढवी, बिशप आजारी आहेत म्हणून आत आहेत अशी थाप देई, आणि भेटावयास आलेल्या भोळ्या माणसांवर झाकण पाडी. दहा-पंधरा वर्षे नावांच्या वहीने जोडलेला विश्वास चोरांनी असा बाजारात वटविला. खोटे नाणे चालविणाऱ्यास आमचे व्यापारी काय म्हणतात ते सर्वश्रुत आहे. येथे तर खरा माणूसच खोटा ठरला.

१८७० मध्ये पॅटिसन यकृताच्या विकाराने अंथरुणास खिळले. उठताच, जानेवारी १८७१ मध्ये त्यांनी न्यूझीलंडच्या चर्चसभेपुढे ह्या व्यापाराविषयी एक निवेदन ठेविले. त्यात आक्रस्ताळेपणा नव्हता. सरळ व्यवहाराने मजूर नेणे सर्वस्वी बंद करा असेही ते म्हणत नव्हते. परवाना मोजक्या जहाजांसच मिळावा, युद्धनौकांनी त्यांवर पहारा ठेवावा आणि विलायतेच्या पार्लमेंटने कायदा करावा, एवढीच त्यांची मागणी होती. बेटवाल्यांनी एखाद्या गोऱ्यास मारिले तर त्यामागची आगळीक कोणाची हे आधी पाहावे, आंधळा सूड घेऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच वर्षीच्या सफरीत बेटामागून बेट लागले, पण नेहमीची गर्दी किनाऱ्यावर नव्हती. २० सप्टेंबर १८७१ रोजी सदर्न क्रॉस नुकापू बेटाजवळ आले. भोवती पोवळ्यांच्या खडकांचा कठडा. ओहोटीमुळे मचवा आत जाईना. बाहेर काही होड्या घुटमळत होत्या. ओळखीच्या मुख्यांच्या होडीत बसून पॅटिसन एकटेच आत गेले आणि झाडीत दिसेनासे झाले. सुमारे अर्ध्या घटकेने नव्हे, चांगल्या अर्ध्या तासाने, होड्यांतून मचव्यावर बाण सुटले. जोसेफ ॲटकिन हे तरुण पाद्री, स्टीफन तारोआनियारा हा मेलानेशियन शिक्षक व आणखी एक जण घायाळ झाला. जखमी ॲटकिन बाण काढून घेऊन, भरती येताच, पुन्हा मचवा घेऊन निघाले. आतून एक होडी वाहत आली. तिच्यात चटईत गुंडाळलेला देह होता. डोक्याचा मागचा भाग गदेने फुटलेला, अंगावर एकंदर पाच जखमा, आणि छातीवर माडाची एक झावळी ठेविलेली. तिच्या पात्यांस पाच गाठी मारिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी समुद्रात अंत्यविधी झाला. त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. आठवड्याभरात ॲटकिन व तारोआनियाराही धनुर्वाताने गेले.

त्या पाच गाठींचा अर्थ असा लाविला गेला की, काही काळापूर्वी एका जहाजाने नुकापूची पाच माणसे पळविली होती आणि त्यांचा सूड ह्या देहावर उगविला. अलीकडच्या काही संशोधकांनी ह्यावर शंका घेतल्या आहेत. आपली मुले शाळेसाठी दूर नेली जातात, हेच तेथील बायकांस सहन होत नव्हते. भेटी कोणास आधी द्याव्या ह्या तेथील मानापानातही बिशपांकडून चूक झाली असावी, असे ते म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. संमतीने नेलेले मूल आणि चोरून नेलेला मजूर ह्यांतील भेद आम्हांस स्पष्ट दिसतो, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईस दोन्ही जहाजे क्षितिजाआड जाताना सारखीच दिसत असतील. आणि तो भेद पुसट करण्याचे काम चोरांनी मन लावून केले होते.

सूड नको ही मृताची इच्छा सरकारी नौदलाने किती पाळिली? त्याच वर्षाच्या अखेरीस रोझारिओ ही युद्धनौका नुकापूस गेली. तेथून बाण येताच तिने गावावर तोफा डागल्या. दुसरीकडे विलायतेत मात्र प्रचंड खळबळ उडाली. १८७२ च्या आरंभी राणीच्या पार्लमेंटपुढील भाषणात ह्या मृत्यूचा उल्लेख झाला, आणि त्याच वर्षी पॅसिफिक बेटवाल्यांच्या रक्षणाचा कायदा मंजूर झाला. कार्ल नावाच्या जहाजावर, पॅटिसन गेले त्याच सप्टेंबरात, तळखणात कोंडलेल्या माणसांवर गोळ्या झाडून मेलेल्यांबरोबर जिवंत जखमींसही समुद्रात लोटिल्याचे प्रकरणही त्याच साली कोर्टापुढे आले. त्यातील मुख्य सूत्रधार डॉक्टर माफीचा साक्षीदार होऊन सुटला.

कायद्याने चोरी मंदावली. धंदा थांबला नाही. १८६३ पासून १९०४ पर्यंत क्वीन्सलंडात सुमारे ६२,००० करारांवर बेटवाले आणिले गेले आणि त्यांतील सुमारे १५,००० तेथेच मेले. मग १९०१ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने उरलेल्यांपैकी बहुतेकांस, गोरा देश गोराच राहावा म्हणून, परत हाकलले.

फिजीचे लोण मात्र थेट आमच्या दारात आले. १८७४ मध्ये ती बेटे इंग्रजी राज्यात सामील झाली. तेथील लोकांस मळ्यांत जुंपू नये असे गव्हर्नराने ठरविले, आसपासच्या बेटांवरून मजूर मिळणे दुरापास्त झाले, आणि मळेवाल्यांनी नजर हिंदुस्थानाकडे वळविली. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन फिजीस लागले. १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसे त्या वाटेने गेली. मॉरिशसला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून कोकणातील मराठी कुटुंबे अशाच कागदांवर आंगठे देऊन गेली होती. ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धती समूळ बंद करण्याचा ठराव मांडिला. सरकारी मतांच्या बळावर तो नामंजूर झाला. गोखले १९१५ मध्ये वारले. १९१७ मध्ये नवी भरती बंद झाली, आणि फिजीतील अखेरचे गिरमिट १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले. नुकापूच्या त्या होडीस तेव्हा ४८ वर्षे उलटून गेली होती.